मिर-१२२ बंद करावा का? एका छोट्या आरएनएचे यकृतातले प्रकरण

पेच असा. रुग्णाला हेपॅटायटिस सी आहे, वर्षानुवर्षे आहे. यकृत थोडेफार तंतुमय झालेले आहे. विषाणूला रोखणारे नवे औषध हाताशी आहे, पण ते विषाणूवर हल्लाच करत नाही. ते यकृतपेशीतला एक छोटा आरएनए, मिर-१२२, बांधून ठेवते. हा आरएनए मिळाला नाही की विषाणूची वाढ खुंटते. अडचण एवढीच, की यकृताच्या कर्करोगाच्या कितीतरी गाठींत हाच मिर-१२२ घटलेला सापडतो, आणि ज्या गाठींत तो फार घटलेला असतो त्या जास्त आक्रमक असतात. शिवाय ज्याला हे औषध द्यायचे, त्याला हेपॅटायटिस सीमुळे कर्करोगाचा धोका आधीच आहे. मग हा आरएनए बंद करायचा का? केला तर किती, आणि किती दिवस?

२००५ ते २०१६ या काळात हा प्रश्न औषधनिर्मितीत प्रत्यक्ष उभा राहिला आणि वेगवेगळ्या तऱ्हेने सुटला, काही ठिकाणी फसलाही. नॉन-कोडिंग आरएनए, म्हणजे ज्यावरून प्रथिन बनत नाही असा आरएनए, यकृताच्या कर्करोगात नेमके काय करतो हे समजायला इतके नेटके प्रकरण दुसरे नाही. शंभर रेणूंची यादी पाठ करण्यापेक्षा हा एक नीट पाहिलेला बरा.

रेणू

मिर-१२२ हा २२ अक्षरांचा मायक्रोआरएनए. माणसात त्याचा जनुक १८व्या गुणसूत्रावर आहे. आधी त्याची लांबलचक मूळ प्रत तयार होते. केंद्रकात ड्रोशा हे विकर तिच्यातून केसाच्या पिनेसारखा वळलेला तुकडा कापून काढते, तो बाहेर पेशीद्रवात येतो, तिथे डायसर त्याचे टोक छाटते आणि उरलेली एक धार आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसते. काम करते ते हे जोडपे. धारेच्या २ ते ८ क्रमांकाच्या अक्षरांना बीज म्हणतात. या सात अक्षरांशी जुळणारी जागा एखाद्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटीकडच्या भागात असली, की तो संदेश लवकर मोडतो किंवा त्याचे प्रथिन कमी बनते. एका संदेशावरचा परिणाम बहुतेक वेळा माफक असतो, पण संदेश शेकडो असतात.

वेगळेपण आहे ते संख्येत. प्रौढ यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के हा एकटा असतो. उंदराच्या एका यकृतपेशीत त्याच्या साठ-पासष्ट हजार प्रती मोजल्या गेल्या आहेत. शरीरात इतरत्र तो जवळपास नसतोच. यकृतपेशीला यकृतपेशी म्हणून टिकवणारे एचएनएफ४-अल्फासारखे नियंत्रक त्याला चालू ठेवतात. त्यामुळे गाठीतल्या पेशी आपली ओळख विसरू लागल्या की हे नियंत्रक ढिले पडतात आणि मिर-१२२ही घसरतो. या प्रकरणातला सर्वात अवघड प्रश्न इथूनच सुरू होतो: घसरण हे कर्करोगाचे कारण, की परिणाम?

जाता जाता एक गंमत. मायक्रोआरएनए हे नाव रूढ झाले २००१ मध्ये. त्याच्या एक तप आधी, १९८९ मध्ये, वुडचक या अमेरिकी प्राण्याच्या यकृतातल्या एका गाठीत एमवायसी हा कर्करोगजनक जनुक आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटलेला दिसला होता. ज्या जनुकाशेजारी तो चिकटला, तो फक्त यकृतात, पण तिथे जोरात चालणारा होता आणि त्याच्यात प्रथिनाची कृती सापडत नव्हती. पुढे कळले की मिर-१२२ तिथूनच निघतो. म्हणजे या रेणूची पहिली ओळख गाठीतच झाली, फक्त तेव्हा कुणाला ती कळली नाही.

विषाणूचे त्यात काय?

२००५ मध्ये दाखवून दिले गेले की हेपॅटायटिस सीच्या आरएनएच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या ४५ अक्षरांच्या आत, मिर-१२२ बसेल अशा दोन जागा आहेत. नेहमीचा हिशोब लावला तर तो बसल्यावर विषाणूचा आरएनए मोडायला हवा. होते उलटेच. या विषाणूच्या आरएनएच्या टोकाला पेशीच्या संदेशांना असते तशी टोपी नसते, त्यामुळे टोकापासून कुरतडत जाणाऱ्या विकरांना तो सोपे भक्ष्य असतो. मिर-१२२ आणि आर्गोनॉट तिथे बसले की ते उघडे टोक झाकले जाते. विषाणूने यकृतातला सर्वात मुबलक आरएनए आपली टोपी म्हणून वापरायला घेतला.

प्रयोगशाळेत हे सहज दिसते. ह्यूह-७ या यकृतपेशींच्या वाणात मिर-१२२ भरपूर असतो आणि विषाणू तिथे वाढतो. हेपजी२मध्ये तो जवळपास नसतो आणि विषाणूही नीट वाढत नाही; मिर-१२२ बाहेरून दिला की वाढतो. म्हणून औषधाची कल्पना सरळ होती. मिर-१२२ला पूरक असा छोटा तुकडा बनवायचा आणि त्याला बांधून टाकायचे. मिराव्हिर्सेन हे औषध असेच: १५ अक्षरांचा तुकडा, त्यातली काही अक्षरे साखरेच्या अंगाने कुलूपबंद केलेली, कणा गंधकयुक्त, म्हणजे रक्तातली विकरे त्याला लवकर मोडू शकत नाहीत. त्वचेखाली इंजेक्शन दिले की तो यकृतात आणि मूत्रपिंडात साचतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो. हा टिकाऊपणा डोससाठी सोयीचा, पण काही बिघडले तर तेवढाच गैरसोयीचा.

चिंपांझींवरच्या प्रयोगात किलोमागे ५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे असे देऊन विषाणू शेकडो पट खाली आला. औषध माणसांत जाऊ लागले आणि त्याच सुमाराला उंदरांतून वाईट बातमी आली.

उंदरातून जनुक काढल्यावर

२०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मिर-१२२चा जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे उंदीर जन्मतात, वाढतात, वरवर ठीक दिसतात. बिघाड पायरीपायरीने होतो, आणि या पायऱ्या माणसाच्या यकृताच्या वाटचालीशी इतक्या जुळतात की त्या बारकाईने पाहायला हव्यात.

दोनेक महिन्यांच्या उंदराच्या रक्तात कोलेस्टेरॉल आणि चरबी कमी असते. अहवाल नुसता वाचला तर प्रकृती उत्तम वाटावी. यकृताचा काप मात्र चरबीच्या थेंबांनी भरलेला. कारण असे की एमटीटीपी हे प्रथिन घटलेले असते. यकृत चरबी लिपोप्रोटीनमध्ये बांधून रक्तात पाठवते, आणि ती बांधणी हे प्रथिन करते. बांधणाराच कमी पडला तर माल गोदामात साचतो आणि बाजारात टंचाई दिसते. सोबत पेशीत चरबी बनवणारी आणि साठवणारी काही प्रथिने वाढलेली असतात, कारण त्यांच्या संदेशांवरचा मिर-१२२चा लगाम सुटलेला असतो. एमटीटीपी परत दिल्यावर चरबीचा बिघाड बराचसा सुधारला. पण एमटीटीपी हे मिर-१२२चे थेट लक्ष्य नव्हे. मायक्रोआरएनए दाबतो, तो काढल्यावर जे घटते ते आडवाटेने घटलेले असते. लक्ष्यांची यादी करताना ही गफलत सर्रास होते.

दुसरी पायरी दाहाची. सीसीएल२ हा पांढऱ्या पेशींना बोलावणारा रेणू मिर-१२२च्या दाबाखाली असतो. दाब गेला, तो वाढला, दाहक पेशी यकृतात उतरल्या आणि आयएल-६, टीएनएफ हे दाह भडकवणारे रेणू सोडू लागल्या. यकृताच्या कर्करोगात आयएल-६चा हात जुनाच. तिसरी पायरी तंतुमयतेची: केएलएफ६ हे प्रथिन वाढते, टीजीएफ-बीटाचा तंतू वाढवणारा मार्ग चेतवला जातो, यकृतातल्या तारापेशी कोलॅजन विणू लागतात. आणि वर्षाच्या आसपास गाठी.

एका गटाच्या उंदरांत नरांपैकी दहातल्या जवळपास नवांना गाठी झाल्या, माद्यांपैकी चौथ्या हिश्श्याहूनही कमी जणींना. माणसातही हा कर्करोग पुरुषांत दुप्पट-तिप्पट आढळतो. उंदरात विषाणू नव्हता, दारू नव्हती, अफ्लाटॉक्सिन हे धान्यावरच्या बुरशीचे विष नव्हते. एक आरएनए काढला आणि चरबी, दाह, तंतू, गाठ ही सगळी साखळी उभी राहिली.

उलट दिशेचा प्रयोगही झाला. एमवायसीमुळे यकृतात गाठी होणाऱ्या उंदरांत मिर-१२२ घटलेला असतो. त्यांना एएव्ही या निरुपद्रवी विषाणूतून तो परत दिल्यावर गाठींची वाढ कमी झाली. म्हणजे गाठ सुरू झाल्यावरही त्याचे असणे-नसणे फरक पाडते. कारण की परिणाम, या प्रश्नाचे उंदरातले उत्तर: दोन्ही.

माणसाची गाठ, आणि मोजण्यातली फसगत

उंदरावरून थेट माणसाकडे उडी मारणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. उंदरात रेणू जन्माआधीपासून पूर्ण गायब होता किंवा यकृतातून मुळासकट काढला होता. माणसाच्या गाठीत तो घटतो, शून्य होत नाही, आणि सगळ्यांत घटतोच असेही नाही. हेपॅटायटिस बीमुळे झालेल्या गाठींत घट ठळक दिसते. त्या विषाणूचे एचबीएक्स प्रथिन मिर-१२२ला खाली दाबते. हेपॅटायटिस सीमुळे झालेल्या गाठींत मात्र तो बऱ्याचदा टिकून असतो. म्हणजे या प्रकरणातला रुग्ण ज्या गटातला, त्याच गटात 'मिर-१२२ घटला म्हणून गाठ झाली' हा युक्तिवाद सर्वात लंगडा आहे.

घटल्यावर सुटतात ते संदेश कोणते, याबद्दल बऱ्यापैकी खात्री आहे. सायक्लिन जी१ वाढतो आणि पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या प्रथिनाची पकड सैल होते. एडॅम१७ वाढतो आणि पेशी यकृतातल्या यकृतात पसरू लागतात. आयजीएफ१आर वाढतो आणि वाढीचा संदेश बळावतो. एकेकाचा वाटा छोटा. एकच लक्ष्य दाखवून 'यामुळेच कर्करोग' म्हणणारा लेख हाती आला तर सावध व्हावे.

आकड्यांकडे बघण्याआधी ते आले कुठून ते पाहिले पाहिजे, कारण यकृताच्या बाबतीत घोडे इथेच पेंड खाते.

एका पेशीत एकूण १,००,००० मायक्रोआरएनए आहेत असे धरू. त्यात ७०,००० मिर-१२२, आणि दुसरा कुठलातरी ३,०००. गाठीत मिर-१२२ घसरून १०,००० झाला, बाकी सगळे जसेच्या तसे. आता एकूण ४०,०००. सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे आरएनएची अक्षरे वाचून प्रती मोजताना, आपण हिस्सा मोजतो. त्या दुसऱ्याचा हिस्सा आधी ३ टक्के होता, आता साडेसात. प्रत्यक्षात एकही प्रत न वाढता तो 'अडीच पट वाढला' असा निष्कर्ष छापायला तयार. आणि त्याच्यासोबत इतर सगळेच अडीच पट वाढलेले. मेंदूत किंवा फुफ्फुसात हा घोटाळा एवढा मोठा होत नाही, कारण तिथे एकट्याकडे सत्तर टक्के नसतात. यावरचा उपाय जुनाच आहे: ऊतक वजन करून घ्यावे, आरएनए काढण्याच्या पहिल्याच टप्प्यावर ठरावीक प्रमाणात कृत्रिम आरएनए मिसळावा आणि सगळे त्याच्याशी ताडावे. आरएनए काढून झाल्यावर मिसळलेल्या कृत्रिम आरएनएला काढणीतली गळती कळत नाही.

दुसरी फसगत नमुन्याची. गाठीशेजारचे 'निरोगी' ऊतक बहुधा सिरोसिसचे, म्हणजे तंतूंनी घट्ट झालेले असते. त्यात निम्मीअर्धी जागा कोलॅजन, तारापेशी आणि पांढऱ्या पेशींनी व्यापलेली. यकृतपेशी कमी, म्हणून मिर-१२२ कमी. प्रत्येक पेशीत तो कमी झाला आहे असे त्यावरून ठरत नाही. यकृतपेशींच्याच एखाद्या संदेशाशी, उदाहरणार्थ अल्ब्युमिनशी, तुलना केली तर थोडा अंदाज येतो, पण गाठीत अल्ब्युमिनही घसरू शकतो. खात्री हवी तर कापावर इन सिटू हायब्रिडायझेशन करून, म्हणजे पेशीतला आरएनए जागच्या जागी रंगवून, पेशी डोळ्यांनी पाहाव्यात.

घट कुठल्या टप्प्यावर झाली तेही पाहता येते. जनुकावरून निघणारी लांब मूळ प्रत आणि अंतिम २२ अक्षरी प्रत वेगवेगळी मोजावी. दोन्ही घटल्या तर जनुकच मंदावला. मूळ प्रत ठीक आणि अंतिम कमी असेल तर छाटणीत किंवा टिकावात बिघाड. मूळ प्रत मोजताना एक खोच आहे. ती बहुतांशी शेपटीविना, म्हणजे अॅडेनिनच्या लांब माळेविना संपते, कारण ड्रोशाचा कापच तिचे लेखन थांबवतो. त्यामुळे शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्रायमरने प्रत बनवली तर हातात काही येत नाही आणि 'जनुक बंद आहे' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. रँडम प्रायमर वापरावेत. शिवाय मूळ प्रत दिवसाच्या वेळेनुसार वरखाली होते, अंतिम प्रत एका दिवसाहून जास्त टिकत असल्याने स्थिर राहते. उंदरांचे नमुने एकाच वेळी घ्यावेत हे त्यामुळे.

पेशींच्या वाणांबद्दलही. हेपजी२वर मिर-१२२चे प्रयोग ढिगाने आहेत, कारण तिथे तो नसतो आणि दिला की फरक दिसतो. पण हेपजी२ मुळात हेपॅटोब्लास्टोमाचा, म्हणजे लहान मुलांत होणाऱ्या वेगळ्या गाठीचा वाण आहे. त्यात ५० नॅनोमोलर कृत्रिम मिर-१२२ सोडले की पीसीआरवर, म्हणजे प्रती दुप्पट करत मोजण्याच्या चाचणीत, हजारो पट वाढ दिसते. त्यातले बरेचसे रेणू पेशीच्या पिशव्यांत नुसते अडकून पडलेले असतात, आर्गोनॉटपर्यंत पोहोचलेलेच नसतात. आणि जे पोहोचतात ते आधीच्या मायक्रोआरएनएंना जागेवरून उठवतात. पेशी मंदावली, तर ती मिर-१२२मुळे की या गर्दीमुळे? म्हणून तीन गोष्टी सोबत हव्यातच: १ पासून १० नॅनोमोलरपर्यंत चढते डोस, बीजातली दोन-तीन अक्षरे बदललेला निष्क्रिय जोडीदार, आणि ल्युसिफरेजच्या, म्हणजे लक्ष्य दबले की उजेड कमी होतो अशा चाचणीत लक्ष्याची जागा बदललेली प्रत. शेवटची नसेल तर लक्ष्याचा दावा मानू नये.

आता 'स्पंज'कडे. यकृताच्या कर्करोगात वाढणारे लांब नॉन-कोडिंग आरएनए पुष्कळ आहेत. एचयूएलसी तर या कर्करोगातच २००७ मध्ये सापडला आणि त्याचे नावही त्यावरूनच. हे लांब आरएनए आणि वर्तुळाकार आरएनए मायक्रोआरएनएला शोषून घेतात आणि त्याची लक्ष्ये मोकळी करतात, असे सांगणारे लेख अक्षरशः पोत्याने आहेत. मिर-१२२पुरते तरी याचे गणित मांडून झालेले आहे. २०१४ मध्ये उंदराच्या यकृतपेशींत मुद्दाम लक्ष्यजागा वाढवत नेऊन पाहिले, तेव्हा एका पेशीत दीड लाखाहून जास्त नव्या जागा आल्याशिवाय इतर लक्ष्यांवर मोजण्याजोगा फरक पडला नाही. बहुतेक लांब आरएनए पेशीत काही दहा-शंभर प्रतींपलीकडे जात नाहीत. एकेका प्रतीवर एक-दोन जागा. समुद्र बोळ्याने टिपण्याचा हा प्रकार. हाच हिशोब विषाणूलाही लागतो. हेपॅटायटिस सीचा आरएनए मिर-१२२ शोषून यकृतपेशीला कर्करोगाकडे ढकलतो, ही कल्पना पेशींच्या वाणात खरी ठरते, कारण तिथे विषाणूच्या प्रती प्रचंड असतात. रुग्णाच्या यकृतात एका बाधित पेशीत त्या थोड्याच असतात. लांब आरएनए कर्करोगात काम करत नाहीत असे यातून निघत नाही. प्रथिनांना बांधणे, जनुकांची दारे उघडणे-मिटणे, हे ते करतात. फक्त प्रत्येकाला स्पंज ठरवण्याची घाई नको.

निर्णय, डोस, आणि पुढे काय झाले

वरचे सगळे समोर ठेवले तर औषध देणाऱ्याचा हिशोब असा बसतो. उंदरातली साखळी पूर्ण अभावाची आणि वर्षभराची आहे. औषधाचा दाब अपुरा आणि काही आठवड्यांचा. साखळीची पहिली कडी, चरबी, महिन्यांत दिसते आणि ती रक्त व सोनोग्राफीवर पकडता येते. गाठ फार नंतर. म्हणून मुदत छोटी ठेवायची, सिरोसिस असलेल्यांना सुरुवातीला बाहेर ठेवायचे आणि नंतर दीर्घकाळ लक्ष ठेवायचे.

मिराव्हिर्सेनच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३६ रुग्ण होते. निकाल २०१३ मध्ये आले. किलोमागे ३, ५ किंवा ७ मिलिग्रॅम, आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शने, २९ दिवसांत. विषाणूतली सर्वाधिक घट सरासरीने लॉगच्या मापात ३ मिलिग्रॅमला १.२, ५ला २.९, ७ला ३.०, नुसत्या प्लासिबोला ०.४. लॉग ३ म्हणजे हजार पट. ५ आणि ७ मिलिग्रॅममध्ये फरक नावालाच आहे. पण पुढच्या १४ आठवड्यांत विषाणू दिसेनासा झाला तो ७ मिलिग्रॅमच्या गटात चौघांत आणि ५च्या गटात एकात. शिखर सारखे, टिकाव वेगळा. मात्र औषध ओसरल्यावर बऱ्याच जणांत विषाणू परतला. हा उपचार एकट्याने पुरेसा नव्हता. मिर-१२२च्या जागेपाशी अक्षर बदललेले विषाणूही काहींत दिसले. पेशीचा रेणू लक्ष्य केला की विषाणूला पळवाट नाही, ही अपेक्षा त्यामुळे पूर्ण टिकली नाही.

नंतर २७ रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आणि त्यात सुरक्षिततेचा नवा प्रश्न दिसला नाही. दिलासा देणारे आहे, पण २७ माणसांत कर्करोगाबद्दल काही सिद्ध होत नाही. सिरोसिसमध्येही वर्षाला शंभरात दोन-चार अशा दराने होणाऱ्या घटनेसाठी एवढी संख्या अपुरीच.

दुसरे औषध आरजी-१०१. तेही मिर-१२२ बांधणारेच, पण त्याला गॅलनॅक ही साखर जोडलेली, जिच्यामुळे यकृतपेशी त्याला पृष्ठभागावरूनच उचलून आत घेते. किलोमागे २ किंवा ४ मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन. परिणाम इतका टिकला की औषध मिळालेल्या २८ पैकी तिघांत विषाणू ७६व्या आठवड्यातही नव्हता. आणि मग काविळीचे गंभीर प्रसंग घडले. दुसऱ्या प्रसंगानंतर, जून २०१६ मध्ये, अमेरिकेच्या नियामकांनी चाचणी थांबवली, पुढच्या वर्षी औषध सोडून दिले गेले. दोष गेला तो कावीळ आणणारे बिलिरुबिन पेशीतून पित्तात टाकणाऱ्या वाहतुकीतल्या अडथळ्याकडे. कर्करोगाची धास्ती घेऊन सगळे बसले होते आणि औषध अडले ते काविळीवर. यकृतपेशीत औषध जितके नेमके आणि जितके जास्त घुसवावे, तितका तिथला साधा व्यवहारही अडू शकतो.

तोपर्यंत मूळ प्रश्नच मागे पडला होता. डिसेंबर २०१३ मध्ये सोफोसब्युव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाली. पाठोपाठ आलेल्या गोळ्यांच्या जोड्यांनी ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण विषाणूमुक्त होऊ लागले. मिर-१२२ बांधण्याचे कारण उरले नाही.

परत द्यावा का?

मग उलटा विचार: गाठीत घटलेला आरएनए भरून काढला तर? मिर-१२२बाबत हे उंदरापुढे फारसे गेले नाही. पण यकृताच्या कर्करोगात घटणाऱ्या दुसऱ्या एका आरएनएबाबत, मिर-३४ए, गेले. एमआरएक्स३४ हे त्याचे मेदकणांत भरलेले रूप २०१३ पासून माणसांत शिरेतून दिले गेले. कर्करोगासाठी मायक्रोआरएनए बाहेरून देण्याचा हा पहिलाच प्रयत्न. डेक्सामेथासोन आधी देऊनही ताप आणि हुडहुडी नेहमीची. आठवड्यातून दोनदा देण्याच्या वेळापत्रकात यकृताचा कर्करोग असलेल्यांना शरीराच्या चौरस मीटरमागे ९३ मिलिग्रॅमपर्यंतच झेपले, इतरांना ११०. यकृत आधीच दुबळे, त्यामुळे मर्यादा खाली. यकृताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची गाठ आकसली आणि ४८ आठवडे तशीच राहिली. पण प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांत चौघांचा मृत्यू झाला आणि २०१६ मध्ये चाचणी बंद पडली. दुपदरी आरएनए आणि मेदकण दोन्ही शरीराला विषाणूसारखे दिसतात, आणि मेदकण यकृताबरोबर प्लीहेत आणि पांढऱ्या पेशींतही जातात. तिथे मिर-३४ए कुणालाच नको होता.

मिर-१२२ परत देताना आणखी एक प्रश्न पडेल, तो म्हणजे रुग्णाला हेपॅटायटिस सी आहे का. असेल तर आपण विषाणूला टोपी पुरवणार. आधी विषाणू काढायचा, मग हा विचार.

रक्तातला मिर-१२२

गाठीत घटतो, मग रक्तातही घटत असेल, असे वाटणे साहजिक आहे. रक्तात तो वाढतो. यकृतपेशी फुटली की तिच्यातले हजारो रेणू बाहेर सांडतात, त्यामुळे पॅरासिटामॉलच्या विषबाधेत तो एएलटीच्याही, म्हणजे यकृताची इजा दाखवणाऱ्या नेहमीच्या रक्तचाचणीच्याही, आधी चढतो. कर्करोगाच्या रुग्णात चढलेला दिसला तर तो गाठीमुळे की शेजारच्या हेपॅटायटिसमुळे, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. निरोगी माणसांशी तुलना करणारे अभ्यास म्हणूनच गोड निकाल देतात. तुलना सिरोसिसच्या रुग्णांशी हवी.

२०११ मध्ये रक्तातल्या सात आरएनएंची एक एकत्रित चाचणी ९३४ जणांवर अभ्यासली गेली आणि कर्करोग ओळखण्याची तिची क्षमता ०.८६ ते ०.८९ अशी चांगली निघाली (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसती नाणेफेक). त्या सातांत मिर-१२२ होता, आणि मिर-८०१ही होता, जो पुढे मायक्रोआरएनएच्या यादीतून काढला गेला कारण तो यू११ या दुसऱ्याच आरएनएचा तुकडा निघाला.

नळीतली चूक यापेक्षा साधी असते. रक्त काढताना सुई बारीक, ओढ जोरात, आणि तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यात मिर-४५१ आणि मिर-१६ खच्चून भरलेले असतात, मिर-१२२ नसतो. आता मिर-१६ हा संदर्भ धरून हिशोब केला आणि त्या नळीत मिर-१६ पीसीआरची तीन चक्रे (दर चक्राला प्रती दुप्पट) लवकर वर आला, तर मिर-१२२ आठ पट कमी दिसेल. रुग्णाला काहीही झालेले नसताना. म्हणून मिर-४५१ आणि मिर-२३ए यांच्यातला चक्रांचा फरक आधी पाहावा. तो ७-८च्या वर गेला तर नळी बाद. हेपारिनची नळी नको, ती पीसीआर अडवते. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची घ्यावी, दोनदा फिरवावी, आणि वरचा द्रव काढताना त्याच्याखालच्या पांढऱ्या थराला हात लावू नये.

सिरोसिस असलेल्या रुग्णात आजही नेमाने होते ती दर सहा महिन्यांची सोनोग्राफी, बरेचदा अल्फा-फीटोप्रोटीन या रक्तचाचणीसह. मिर-१२२ त्या कागदावर नसतो. गोळ्यांनी विषाणू गेला तरी ती सोनोग्राफी थांबत नाही, कारण तंतुमय झालेले यकृत विषाणूबरोबर जात नाही.